मासे किती सोडले ते नको, जगले किती ते सांगा

मा. संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

जुलै-ऑगस्ट आला की पेपरात एक फोटो हमखास येतोय. तळ्याच्या काठावर कोणतरी पुढारी, आजूबाजूला पाच-पंचवीस माणसं, हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी आणि खाली एक ओळ, अमुक गावच्या तळ्यात इतके लाख मत्स्यबीज सोडले. चांगलंच आहे, कोण नको म्हणतंय. पण त्याच तळ्यातनं पुढच्या मार्च-एप्रिलात किती मासा निघाला, त्यातला सोडलेला किती आणि ओढ्यातनं आपोआप चढून आलेला किती, ही बातमी मी तरी आजवर वाचलेली नाही. मी गळ टाकणारा माणूस, आणि आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात चार जणांबरोबर तळ्याच्या ठेक्यातपण असतो, त्यामुळं काठावर बसून जे दिसतंय ते जरा सविस्तर लिहितोय, मोठं झालं तर कापा पण मधलं कापू नका.

पहिली गोष्ट, लाख म्हणजे काय ते विचारायला पाहिजे. एक लाख कसले? मत्स्यजिरे असतील तर ती पाच-सहा मिलिमीटरची असतात, अंड्यातनं बाहेर पडून जेमतेम तीन दिवस झालेली, डोळे आणि शेपटी एवढंच दिसतंय. तीच पंधरा-वीस दिवस वेगळ्या छोट्या तळ्यात वाढवली की इंचभराची होतात, आणि अजून दोन-तीन महिने नीट सांभाळली तर बोटाएवढी म्हणजे चार इंचापर्यंत जातात, तिला आपण बोटुकली म्हणतो. आता चांगल्या केंद्रात, माणूस राखण करत असताना, खाद्य घालत असतानासुद्धा जिऱ्यातनं इंचभराची पिल्लं व्हायला शंभरातली तीस-चाळीस जगली तरी लोक खूश असतात, आणि पुढं त्यातली साठ-सत्तर टक्के बोटुकलीपर्यंत पोचतात. म्हणजे लाख जिऱ्यांची वीस-पंचवीस हजार बोटुकली झाली तर उत्तम काम झालं म्हणायचं. हे राखलेल्या पाण्यात. गावच्या उघड्या तळ्यात जिथं मरळ, शिवडा, वाम असले दुसऱ्यांची पिल्लं खाणारे मासे आहेत, पाणकावळे रांगेनं बसलेत, विरोळ्यासारखे पाणसाप फिरतात आणि पाण्यातले किडेसुद्धा जिरे धरून खातात, तिथं जिरे सोडलं तर काय उरणार ते तुम्हीच सांगा. लाख या आकड्याला तिथं काडीचा अर्थ नाही.

उलट दहा एकराचं तळं धरा, म्हणजे चार हेक्टर. खत-खाद्य काही न घालणाऱ्या गावतळ्याला हेक्टरी दोन-तीन हजार चार इंची बोटुकली पुष्कळ झाली. म्हणजे सगळ्या तळ्याला दहा-बारा हजार. ऐकायला किती बारीक वाटतंय ना, फोटोखाली लिहायला पण बरं दिसत नाही, बारा हजार! पण चार इंचाचा रोहू किंवा कटला लहानसहान मरळीच्या तोंडात मावत नाही, खंड्याला पण जड जातो, आणि तो थंडीच्या आधी अंग धरतो. इंचभराचं पिल्लू मात्र सगळ्यांचा नाष्टा.

मोजणी पण एकदा बघण्यासारखी असते. भोकं पाडलेली एक वाटी असते, ती हौदात बुडवायची, पाणी गळू द्यायचं आणि पिशवीत ओतायची. एक वाटी नीट मोजून हजार की दीड हजार भरली ते बघायचं आणि पुढं नुसत्या वाट्या मोजायच्या. पद्धत बरोबरच आहे, लाखभर पिल्लं एकेक करून कोण मोजणार. पण ती पहिली वाटी कुणी मोजली आणि किती काठोकाठ भरली होती, खेळ सगळा तिथं आहे. पाण्यानंच अर्धी भरलेली वाटी असली तर हिशोबात लाख आणि पिशवीत पन्नास हजार. माझं म्हणणं एवढंच की गाडी आली की गावातल्याच दोघांनी मधली कुठलीतरी एक वाटी परातीत ओतून मोजावी. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याच परातीत पट्टी ठेवली की साइज पण कळतोय.

आता दुसरी गोष्ट, आणि आमच्या पश्चिम भागात हीच सगळ्यात मोठी आहे असं माझं मत आहे. सांडवा, म्हणजे तळं भरलं की जादा पाणी बाहेर जायची वाट. खानापूर, कणकुंबी, चंदगडच्या हद्दीला लागून जी गावं आहेत तिथं जुलैत पाऊस कसा पडतोय ते तुमच्या वाचकांना सांगायला नको, तळी आठ-पंधरा दिवसांत तुडुंब होतात आणि मग ऑगस्ट संपेपर्यंत सांडवा अखंड वाहत असतोय. आणि मासा हा असा प्राणी आहे की वाहत्या पाण्याचा आवाज आला की तिकडं तोंड करतोय, नवं पाणी आलं की वर चढतोय, चढणीचे मासे आपण खातो ते ह्याच्याच जोरावर. आता जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात बीज आलं, फोटो झाला, सोडलं, आणि पुढच्या आठवड्यात तळं भरून सांडव्यावरनं हातभर पाणी चाललं, तर ते बीज कुठं गेलं? खालच्या ओढ्यात, भाताच्या वाफ्यात, तिथनं मार्कंडेय नदीत नाहीतर मलप्रभेत. मग सांडव्याखाली पोरं बांबूच्या बुट्ट्या लावून बसतात आणि त्यात बोटाएवढे रोहू घावतात, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि एकजण वर म्हणतोय, "यंदा बारीक रोहू चढूलालेत की ओ!" अहो चढत कुठले, ते पंचायतीच्या पैशाचे उतरायलेत.

सांडव्याला जाळी मारा असं सगळे सांगतात, ते पण सोपं नाही. बारीक जाळी मारली की पालापाचोळा, प्लास्टिक, जलपर्णी येऊन तिला अडकते, पाणी तुंबतंय आणि बांधाला धोका होतोय, इंजिनिअर लोक ओरडतात आणि त्यांचं बरोबर आहे. त्याला उपाय म्हणजे तिरकी बांबूची ताटी, सांडव्याच्या रुंदीपेक्षा लांब, कमानीसारखी पाण्याच्या आतल्या बाजूला काढलेली, म्हणजे पाण्याला जागा मिळतेय आणि कचरा एका कडेला सरकतोय. आणि पावसात रोज ती साफ करणारा एक माणूस. त्याची मजुरी कुठल्याच एस्टिमेटमध्ये मी अजून बघितलेली नाही. ताटीच्या फटीतनं चार इंची बोटुकली जात नाही, इंचभराचं पिल्लू आरामात जातंय, म्हणजे परत गाडी साइजवरच येते.

सगळ्यात सोपं काय, तर पश्चिम भागात सांडवा बंद पडल्यावर म्हणजे सप्टेंबरात बीज सोडा. त्याआधी ते गावातल्याच एखाद्या शेततळ्यात, कृषी होंड्यात म्हणजे सरकारी योजनेतल्या शेततळ्यात, नाहीतर तळ्यातच बांबू ठोकून बांधलेल्या मच्छरदाणीच्या कपड्याच्या पिंजऱ्यात वाढवा, कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समान घालून. अजून चांगलं म्हणजे गेल्या वर्षीचं दाटीत ठेवून मुद्दाम खुंटवलेलं बीज मिळालं तर घ्या, ते मोकळ्या पाण्यात सोडलं की असलं झपाट्यानं अंग धरतंय की बघत राहावं. बायकांच्या बचत गटांनी हे करायला घेतलं तर त्यांनाही चार पैसे होतील, केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत महिलांना साठ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, २०२० पासनं.

पण ही तारीख सगळ्या जिल्ह्याला लागू नाही हे पण लिहून ठेवतो. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडं कहाणी उलटी आहे, तिकडं सांडवा वाहणं दूरच, तळं भरलं तर भरलं, आणि ते पण बऱ्याचदा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसानं. तिकडं जुलैत बीज दिलं तर गुडघाभर पाण्यात सोडायला लागतंय आणि बगळ्यांची दिवाळी होतेय. जिल्हा एक आहे म्हणून बीज वाटायची तारीख एक, हे कागदाला बरं, माशाला नाही.

पिशवीचं पण सांगतो, कारण ते फोटोवाल्यांच्याच हातात असतंय. बीज ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतनं येतं, रात्रभर गाडीत हलत. पिशवीतलं पाणी एका तपमानाचं, तळ्यातलं दुसऱ्या. पिशवी बांधलेल्या तोंडानं तशीच पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवायची, मग तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि मग आडवी करायची, पिल्लं आपली आपण बाहेर जातात. हे सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर करायचं. आणि होतं काय, पाहुणे साडेबारा वाजता येतात, तोवर पिशव्या जीपच्या टपावर, मग कॅमेरा बघून तीन फुटांवरनं धबधब्यासारखं ओतायचं. संध्याकाळी काठाला पांढरी पोटं. ती कुणी मोजत नाही, ती त्या लाखातच असतात.

गणपती विसर्जनाचं एका वाक्यात, बीज सोडल्यावर चार दिवसांत त्याच कोपऱ्यात निर्माल्य आणि रंग गेला की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातंय आणि पहाटे मासे तोंड वर काढतात, तेवढं जरा तारखा बघून ठरवा, देवावर माझं काही म्हणणं नाही.

आता मला खरं बोलायचंय ते इथनं पुढं, कारण इथं आम्ही गळवालेच फसतो. व्हॉट्सॲपवर फोटो फिरतोय, अमुक तळ्यात आठ किलोचा कटला लागला, बघा काय तळं आहे! दुसऱ्या रविवारी तिथं तीस जण छत्र्या लावून बसलेले. माझं मत असं की तसला फोटो बघून आनंद व्हायच्या आधी शंका यायला पाहिजे. एका तळ्यात खाणं ठरलेलं असतंय. त्या खाण्यावर काही क्विंटल मासा पोसला जातो, मग तो हजार माशांत वाटा नाहीतर दहा हजारांत. जगलेच थोडे असतील तर प्रत्येकाला भरपूर मिळतंय आणि ते राक्षसासारखे वाढतात. म्हणजे लाख सोडले त्यातले दोनशे जगले आणि ते आठ-आठ किलोचे झाले, तर फोटो झकास आणि गावाचं नुकसान. नुसत्या मोठ्या माशावरनं तळं यशस्वी म्हणणं म्हणजे वर्गातला एकच पोरगा पास झाला आणि तो पहिला आला म्हणून शाळेची मिरवणूक काढण्यासारखं आहे.

उलटं पण होतंय. चिलापीचं बघा. १९५२ साली हा मासा आपल्या देशात आणला, आता बेळगावच्या आजूबाजूच्या कुठल्या तळ्यात नाही ते सांगा. ती वर्षातनं कितीतरी वेळा वितेय, पिल्लं तोंडात धरून सांभाळतेय, त्यामुळं जगतात भरपूर, आणि मग सगळं तळं तळहाताएवढ्या चिलापीनं भरतंय. तीच चिलापी दोन वर्षांनी बघितली तरी तळहाताएवढीच, फक्त डोकं मोठं आणि अंग वाळलेलं. गळ टाकला की पाण्यात पडायच्या आत लागते, पोरांना मजा, पण ठेकेदाराला बाजारात कोण विचारत नाही. इथं जगणं शंभर टक्के आणि वाढ शून्य. म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायला लागतात, किती जगले आणि सरासरी केवढे झाले.

हे काय मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात ऑबर्न म्हणून गाव आहे, तिथं होमर स्विंगल नावाच्या माणसानं १९३० च्या दशकापासनं शेततळ्यांवर हेच काम केलं. तिकडं गळाला खेळणारा मासा म्हणजे लार्जमाउथ बास, आणि त्याचं खाद्य म्हणजे ब्लूगिल नावाचा चपटा मासा. ते लोक ठरावीक मासे मोजून सोडायचे आणि पुढं तळं पूर्ण रिकामं करून एकन्एक मासा मोजायचे, वजन करायचे. त्यातनं कळलं की नुसता ब्लूगिल ठेवला तर तो आपल्या चिलापीसारखा दाटून बारीक राहतो, आणि खाणारा बास योग्य प्रमाणात असला, साधारण दहाला एक, तर तो पिल्लं खाऊन दाटी मोडतो आणि दोघंही खाण्याजोगे मोठे होतात. बास जास्त उपसले गेले की परत तळं बिघडतं. तिकडची जात इकडं आणा असं मी अजिबात म्हणत नाही, कुणी म्हणालं तर त्याला काठावर उभं करू नका. हिशोब तेवढा घ्यायचा.

आपल्याकडं बासच्या जागी मरळ आहे. आमच्यासारख्यांचा जीव की प्राण, प्लास्टिकचा बेडूक पानावरनं ओढला की खालनं जो दणका बसतो त्याला तोड नाही. मरळ सोडायलासुद्धा लागत नाही, ती स्वतःच तळ्यात विते, वर येऊन हवा घेते त्यामुळं उन्हाळ्यात चिखलातल्या पाण्यातही टिकते. रोहू-कटल्याच्या बारीक बिजाची ती वैरी हे खरं, म्हणून बरेच ठेकेदार दिसली की मारतात. पण चार इंची बोटुकली सोडली असेल आणि तळ्यात चिलापी माजली असेल तर तीच मरळ कामाची आहे. फक्त एक गोष्ट थांबवा. पावसाच्या सुरुवातीला पाण्यावर लालसर पिल्लांचा गोळा फिरताना दिसतो, एकदम बुडतो, परत वर येतो, आणि खाली नर-मादी राखण करत असतात. त्या गोळ्यात गळ टाकला की राखणारी मरळ चिडून हमखास लागते. सोपी शिकार, आणि आमच्यातलेच लोक करतात. ती मरळ काढली की दोन तासांत तो गोळा दुसऱ्या माशांच्या पोटात. एक मरळ कढईत, पुढच्या वर्षीच्या पन्नास गेल्या.

काही हौशी मंडळी अधनंमधनं म्हणतात, तळ्यात नाहीतर राकसकोपच्या धरणात महसीर सोडा, बाहेरनं गळवाले येतील, पर्यटन वाढेल. नका. महसीर वाहत्या, स्वच्छ, गोट्यांच्या नदीचा मासा, साठलेल्या पाण्यात तो जगेल पण कटल्याच्या मानानं फार हळू वाढतो आणि तिथं अंडी घालून संसार करत नाही, म्हणजे दरवर्षी बीज विकत आणणं आलं. आणि नदीत तरी डोळे झाकून सोडू नका, कावेरीचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. तिथं लोणावळ्याच्या हॅचरीतलं निळ्या परांचं महसीर वर्षानुवर्षं सोडलं गेलं, हेतू चांगलाच होता, पण ते माजलं आणि कावेरीचं स्वतःचं कुबडवालं महसीर, जे जगात दुसरीकडं कुठं नाही, ते इतकं कमी झालं की २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीत गेलं. किती सोडले याचीच मोजदाद केली की असं होतंय.

मग जगलेले मोजायचे कसे, असं पंचायतवाले विचारतील. फार अवघड नाही. सोडताना हजारभर बोटुकलीचा पोटाखालचा डावा पर बारीक कात्रीनं मुळापासनं कापायचा, माशाला त्याचं फार काही होत नाही आणि खूण राहते. मार्चात जाळं ओढताना किती डावा पर नसलेले निघाले ते एका वहीत लिहायचं. पाणी आटलेलं असतंय, जवळजवळ सगळा मासा निघतोच, म्हणजे हजारातले साडेतीनशे निघाले तर पस्तीस टक्के जगले, एवढं साधं. आणि खूण नसलेल्यांत चिलापी, खवली, शेंगटी किती ते वेगळं. मधल्या काळात महिन्यातनं एकदा फेकजाळं टाकून वीस-पंचवीस मासे वजन करून परत सोडायचे, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वजन थांबलेलं दिसेल, घाबरू नका, फेब्रुवारीत ऊन वाढलं की परत धरतंय. आम्ही गळवाले पण मदत करू शकतो, आम्हाला लागलेल्या माशाचं वजन आणि पर बघून वहीत नोंद करायला काय जातंय, तशीही फोटो काढायला दहा मिनिटं घालवतोच की.

तर यंदा माझी मागणी एवढीच आहे. बीज आलं की तळ्याच्या बोर्डवर, कन्नड आणि मराठी दोन्हीत, जात, साइज इंचात, किती आणि कुठल्या तारखेला सोडलं ते लिहा, आणि त्याच्याखाली निघाले किती, सरासरी वजन किती, या दोन रिकाम्या ओळी आत्ताच आखून ठेवा, लिलावाच्या आधी त्या भरल्या नाहीत तर पुढच्या बिजाचं बिल पास करू नका. सांडव्याची ताटी आणि ती झाडणाऱ्या माणसाची मजुरी पण त्याच बिलात घाला. आणि फोटोग्राफरना सकाळी सातला बोलवा.

आपला,
एक गळवाला वाचक, बेळगाव तालुका पश्चिम भाग